बंद बटणांची यादी

तुमच्या घरात असं एक तरी बटण आहे की नाही, जे दाबलं तरी काही होत नाही, आणि ते का बंद पडलं हे तुम्ही आजवर कुणालाच विचारलेलं नाही? खरं सांगा. सतरा वर्षांची असताना मी हा प्रश्न लातूरच्या एका गल्लीत दारोदार जाऊन विचारला होता. उत्तरं वहीत लिहून घेतली होती. त्या वहीच्या जोरावर मी एका माणसाची नोकरी घालवली. माझं वय अजून आठवणी लिहायचं झालेलं नाही, हे मला कळतं. पण हे एक प्रकरण म्हातारपणापर्यंत थांबू शकत नाही, त्याचं कारण शेवटी येईलच.

लातूरच्या त्या भाड्याच्या घरात आम्ही दोघंच होतो, भाऊ आणि मी. भाऊ म्हणजे माझे वडील. आई नांदेडला दवाखान्यात नर्स होती, तिथंच खोली घेऊन राहायची, आणि पंधरा दिवसांनी शनिवारच्या बसनं यायची. येताना धपाटे, शेंगदाण्याची चटणी, आमटीच्या येसर मसाल्याची पुडी आणायची, रविवारी सगळे डबे भरून ठेवायची आणि दुपारच्या बसनं परत जायची. भाऊ कंत्राटी कामगारांची संघटना चालवायचे. चालवायचे म्हणजे गावोगाव हिंडायचे, सभा घ्यायचे आणि पत्रकं काढायचे. आमच्या घरात कपाटाच्या फळ्यांवर पत्रकं अंथरलेली असायची, पोळ्यांच्या डब्यात खाली पत्रक असायचं, माझ्या वह्यापुस्तकांना उरलेल्या पत्रकांची कव्हरं असायची. भूगोलावर किमान वेतन, मराठीवर जाहीर सभा. मी वाचायला शिकले ती या कागदांवरूनच. माझं नाव क्रांती ठेवलं ते कुणाला न विचारता, असं आई अजूनही सांगते.

त्या गल्लीत दर दुसऱ्या घरात क्लासची पोरं-पोरी भाड्यानं राहायची. औशाकडून, शिरूर अनंतपाळकडून, पार किनवटकडून आलेली. सकाळी सातला गल्लीत सायकलींचा आणि चपलांचा आवाज उठायचा, सगळे डॉक्टर व्हायला निघायचे, आणि साडेसातला गल्ली रिकामी व्हायची. मीही अकरावी-बारावी सायन्सलाच होते, पण क्लासला नव्हते. भाऊंनी क्लासवाल्यांच्या फीविरुद्ध पत्रक काढलं होतं आणि ते त्यांच्याच दारात उभं राहून वाटलं होतं. ज्या दारात बापानं पत्रकं वाटली, त्या दारातून मी आत कशी जाणार? मला ते पटलेलंही होतं. आजही पटतं. पण पटल्यानं दिवस जात नाही. कॉलेजात हजेरीपुरतं जाऊन आलं की संध्याकाळपर्यंत घरात मी एकटी. कूलरची घरघर, टँकरचा भोंगा, तो आला की भांड्यांचा खणखणाट, मग पुन्हा कूलरची घरघर. सकाळी केलेला कुरमुऱ्यांचा सुशीला दुपारी गार खायचा. कुरमुरे तोवर चामट झालेले असायचे. बोलायला कुणी नसलं की माणूस स्वतःशी मोठ्यानं वाचू लागतो. मी केमिस्ट्री मोठ्यानं वाचायचे, सभेत भाषण केल्यासारखी.

भाऊ घरी असले की स्वयंपाकघरात खळ शिजायची. पत्रकं भिंतीला चिकटवायला मैद्याची खळ लागते. त्यात चिमूटभर मोरचूद टाकायचं, म्हणजे कीड लागत नाही. गॅस फक्त खाण्यापिण्यासाठी, असा आईचा नियम होता, म्हणून खळ विजेच्या शेगडीवर व्हायची, ती तारेचं वेटोळं लाल होणारी जुनी शेगडी. तिच्या वायरीची पिन कधीच तुटली होती. भाऊंनी वायरीची दोन्ही टोकं सोलली होती, ती प्लगच्या भोकांत घालायची आणि शेजारी काडेपेटीच्या काड्या ठोकून घट्ट करायची. तो प्लग होता मिक्सरचा, साधा पाच अँपिअरचा. एवढ्या शेगडीचा भार त्याला झेपणारा नव्हता. पण हे कुणाला माहीत होतं? भाऊ खळ ढवळता ढवळता मला नव्या पत्रकाचा मसुदा वाचून दाखवायचे, आणि मी ऐकत असायचे. माझ्याशी ते सगळ्यात जास्त बोलायचे ते तेव्हाच. म्हणून मला तो वास आवडायचा. मैदा, मोरचूद आणि कुठूनतरी येणारा जळक्या प्लास्टिकचा वास. तो तिसरा वास कुठला, हे मी कधी विचारलं नाही.

आधी मिक्सर अडखळायला लागला. बटण दाबून धरलं तर चालायचा, सोडलं की बंद. मग बोर्डावर थाप मारावी लागायची. मग थापेनंही होईना, आणि प्लगच्या आतून चर्र असा बारीक आवाज यायला लागला. भाऊंनी शेगडी उचलून पुढच्या खोलीतल्या प्लगवर नेली आणि विषय संपवला. आठवड्याभरात आतल्या खोलीचा पंखा एकदम थांबला. तिथली ट्यूब गेली. न्हाणीतला दिवा गेला. माझं टेबल आतल्या खोलीत होतं, ते मी ओढत स्वयंपाकघरात आणलं, तिथलाही दिवा गेल्यावर पुढच्या खोलीत आणलं. दोन खोल्या आणि न्हाणी बंद, एक खोली चालू. भाऊ तेव्हा उदगीरकडे कुठल्यातरी संपात होते. मी त्या एका खोलीत कूलरसमोर बसून राहिले, आणि मागच्या खोल्यांकडे भरदिवसासुद्धा जावंसं वाटेना.

मी वीज ऑफिसात तक्रार लिहून दिली. आमच्या भागाचे लाइनमन होते हमीदचाचा. त्यांचं घर पलीकडच्याच गल्लीत. उन्हातून फिरताना ते आमच्या दारात थांबून माठातलं पाणी प्यायचे आणि माझ्या नावाची थट्टा करायचे. "क्रांती घरातच हाय का अजून? आम्हाला वाटलं निघाली असंल." दिवसभरात माझ्याशी बोलणारा तेवढा एकच माणूस, हे इथं लिहून ठेवते. ते आले, शिडी लावून पोलावर चढले, खाली उतरून मीटर बघितलं, मेन स्विच बघितला.

"हितपर्यंत बरोबर येऊन राहिली बेटा. पुढं घरातच कुठंतरी ढिल्लं हाय."

"मग आत या ना चाचा. बघा."

"न्हाई. मीटरच्या पुढं माझं काम न्हाई. एखादा वायरमन बोलाव."

"तुम्हाला येत नाही का?"

"येतं की. पण हात लावता येत न्हाई." ते हसले, पाणी प्याले आणि गेले.

मीटरच्या पुढं माझं काम नाही! हे वाक्य मला ओळखीचं वाटलं. भाऊंच्या दर तिसऱ्या पत्रकात असं बोलणारा एक अधिकारी असायचा. त्या दुपारी मी भाऊंच्या खणातून टेस्टर काढला आणि आतल्या खोलीत गेले. पंख्याचं बटण चालू होतं, पंखा बंद होता. प्लगच्या एका भोकात टेस्टर घातला, लागला. दुसऱ्यात घातला, तोही लागला. बारावीच्या पुस्तकात वाचलं होतं की एका बाजूला वीज असते आणि दुसरी बाजू न्यूट्रल असते, तिथं टेस्टर लागत नाही. म्हणजे आमच्या घरात दोन्हीकडून वीज येत होती, म्हणजे पोलावरच वायरी चुकीच्या जोडल्या होत्या, आणि हमीदचाचा ते झाकत होते. मला पुरावा सापडला होता. तो सापडला तेव्हा मला भीती वाटली नाही. मला आनंद झाला.

एका घराचं पत्रक निघत नाही, हे मला माहीत होतं. म्हणून मी वही घेतली आणि दारोदार गेले. "तुमच्या घरात एखादं बटण किंवा प्लग बंद आहे का?" काय सांगू तुम्हाला! प्रत्येक घरात होतं. गिरणीवाल्यांच्या घरी दोन. कोपऱ्यावरच्या निवृत्त मास्तरांच्या घरी देवघरातलं. शिरूरच्या मुलींच्या खोलीत तर एकच प्लग चालू आणि तीन बंद. क्लासहून आलेल्या त्या चौघी दमलेल्या होत्या, त्यातली एक म्हणाली, "ताई, आमच्याकडून लिहा की आम्हाला रात्री अभ्यासाला दिवाबी नीट न्हाई." दुसरी म्हणाली, "अन् किटलीपण." सगळ्या हसल्या, मीपण हसले. तिथं मी अर्धा तास बसले. त्यांनी मला बिस्किटं दिली. त्या वर्षात माझ्या वयाच्या मुलींबरोबर मी बसले ते तेवढंच. अशी वीस घरं झाली, तेवीस सह्या झाल्या, त्या चौघींच्या चार आणि भाऊंनी आल्यावर केलेली आमच्या घरची धरून. माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही की कुठल्याही गल्लीत, कुठल्याही गावात जाऊन हा प्रश्न विचारला असता तर हीच यादी झाली असती.

भाऊ आले. मी वही पुढं ठेवली. त्यांनी ती उभ्यानंच वाचली, मग बसून वाचली. मग म्हणाले, "तू केलंस हे? एकटीनं?" आणि शेगडी लावली. खळ शिजत होती आणि या वेळी मसुदा मी वाचत होते, भाऊ ऐकत होते. मथळा मीच दिला होता: 'वीज मीटरपाशी संपते. जबाबदारीही?' भाऊ म्हणाले, "लई भारी. पण कोण टाळून राहिलाय ते येऊ दे. नुसतं ऑफिस ऑफिस म्हणून कुणाला काही होत न्हाई." मी वाक्य घातलं: या भागाच्या लाइनमननं घरात पाऊल टाकायला नकार दिला. नाव घातलं नाही. मला वाटलं, नाव न घालणं म्हणजे सभ्यपणा. आयुष्यभर जिथं जातील तिथं भाऊ पहिला प्रश्न विचारायचे, माणूस कायम आहे की कंत्राटी. त्या दिवशी तो त्यांनी विचारला नाही. मीही नाही.

पिवळ्या कागदावर पत्रक छापलं. सह्यांचा अर्ज त्याला जोडून आम्ही ऑफिसात दिला. भाऊ माझ्याबरोबर चालत आले होते, उन्हात, शेजारी शेजारी. परत येताना त्यांनी मला रसवंतीत रस पाजला आणि रसवाल्याला सांगितलं, "ही माझी पोरगी. हिनं पत्रक काढलं." तो रस आठवला की मला अजून आवडतो, याची मला लाज वाटते. दुसऱ्या दिवशी मी स्वतः कोपऱ्यावरच्या भिंतींना पत्रकं चिकटवली.

पाच-सहा दिवसांनी पोलावर दुसराच पोरगेला लाइनमन चढलेला दिसला. मी विचारलं, हमीदचाचा कुठं आहेत? तो वरूनच म्हणाला, "काढलं त्यांला. ठेकेदारानं. लोकांची तक्रार झाली म्हणं." ठेकेदारानं! मी तिथंच उभी राहिले. भाऊ परत गावाला गेले होते. मी घरात आले, पुढच्या खोलीत बसले आणि संध्याकाळपर्यंत काहीच मोठ्यानं वाचलं नाही.

दोन दिवसांनी अकराच्या सुमाराला दारात हमीदचाचा उभे. हेल्मेट नाही, झोळा नाही, शिडी नाही. साधा शर्ट, आणि फुगलेल्या खिशात एक स्क्रूड्रायव्हर. मला वाटलं आता बोलतील. दार धरून मी नुसती उभी राहिले.

"भाऊ हाईत का?"

"नाहीत."

"असू दे. मेन बंद कर."

मी हलले नाही.

"अगं मेन बंद कर. अन् पायात चप्पल घाल. बोर्डाजवळ अनवाणी क्रांती चालत न्हाई."

मी मेन बंद केला. ते सरळ स्वयंपाकघरात गेले, भाऊंचा टेस्टर लावून खात्री केली आणि मिक्सरच्या बोर्डाचे चार स्क्रू काढले. झाकण बाहेर आलं तेव्हा मागून काळी भुकटी सांडली. प्लग वितळून एका बाजूला बसला होता. आत कुठंतरी पांढरी, वाळलेली, चुन्यासारखी पापडी जमली होती. त्यांनी ती नखानं खरवडली, वास घेतला.

"यावर काय शिजवता?"

"खळ."

"कसली खळ?"

"पत्रकं चिकटवायची."

ते माझ्याकडं बघत राहिले. मग हसायला लागले. ओट्याला टेकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "म्हणजे माझ्या पत्रकाचीबी खळ हितलीच म्हण की!"

"त्या दिवशी पुढच्या खोलीत शिजवली," मी म्हणाले. खोटं बोलायचं नाही एवढंच मला तेव्हा सुचत होतं.

"अरे अल्ला. मग आता त्यो जळायची वाट बघताय?"

मग त्यांनी मला जवळ बोलावून दाखवलं. शेगडी एवढी ओढते की प्लगच्या आतल्या पितळी पट्ट्या तापतात, तापून सैल होतात. सैल झाल्या की ठिणग्या पडतात, त्यानं अजून तापतात. तो ताप मागच्या स्क्रूपर्यंत जातो. त्या एका स्क्रूखाली न्यूट्रलच्या चार वायरी होत्या: एक मेनकडून आलेली, बाकीच्या स्वयंपाकघराच्या दिव्याला, आतल्या खोलीला आणि न्हाणीला गेलेल्या. स्क्रू ढिला झाला, वायरी जळून तुटल्या. तिथून पुढचं सगळं बंद.

"पण टेस्टर दोन्हीकडं लागत होता," मी म्हणाले.

"लागणारच. पंख्याचं बटण चालू व्हतं ना? आलेली वीज पंख्यातून जाऊन पलीकडं थांबून राहिली. परत जायला रस्ताच न्हाई. दिसती दोन्हीकडं, काम कुठंच करत न्हाई. तुला वाटलं दोन फेज आले? दोन फेज आले असते तर तुझा पंखा बंद न्हाई, जळून खाली आला असता."

मी वही आणली. का आणली ते माहीत नाही. बहुतेक मला अजून आशा होती की बाकीच्या एकोणीस घरांत तरी माझं बरोबर निघेल. ते ओट्यावर बसले आणि वही वाचू लागले. गल्लीतलं प्रत्येक घर त्यांना पाठ होतं.

"गिरणीवाले. बटणात पीठ बसलं असंल, दुसरं काय. त्यांच्या चहाच्या कपातबी पीठ असतंय. मास्तरांचं देवघर? तिथं समईच्या वर बोर्ड हाय, बटण धगीनं वाकडं झालंय, मी दोनदा सांगितलं. ह्या घरी बोर्डात मुंग्या झाल्त्या. ह्यांच्याकडं उंदरानं वायर खाल्ली. ह्या पोरींची खोली… एका प्लगला तीन फाट्याचा जोड, त्यावर किटली, इस्त्री, किटली. काय व्हणार?" वही मिटून त्यांनी माझ्या हातात दिली. "यादी चांगली केलीस गं. अक्षर चांगलं हाय. पण पोलावर ह्यातलं एकबी न्हाई."

त्यांनी जळलेलं टोक कापलं, नवीन टोकं सोलली, पिळून घट्ट केली. प्लग त्यांनी घरून आणला होता. त्यांच्या घरात तो कुठल्या भिंतीवरून काढला, हे मी विचारायला हवं होतं. मेन चालू केल्यावर आतल्या खोलीतला पंखा फिरायला लागला. त्याचं बटण मी कधी बंदच केलं नव्हतं.

"चाचा, हे तुम्ही तेव्हाच का नाही उघडलं?"

"सांगितलं व्हतं की. मीटरच्या पुढं हात लावला अन् काही झालं, तर आपल्यासारख्याची नोकरी जाते." स्क्रूड्रायव्हर पुसून त्यांनी खिशात ठेवला. "आता नोकरीच न्हाई. आता कुठंबी हात लावतो."

पाणी मात्र त्या दिवशी त्यांनी घेतलं नाही.

भाऊ आले तेव्हा मी जळालेला प्लग आणि तो स्क्रू त्यांच्या ताटाशेजारी ठेवला आणि सगळं सांगितलं. ते जेवायचे थांबले. मग त्यांनी एकच विचारलं, "कंत्राटी व्हता?" मी हो म्हणाले. दुसऱ्या दिवशी ते ठेकेदाराकडे गेले, हे मला नंतर कळलं. तिथल्या माणसानं त्यांना आमचाच अर्ज दाखवला: "साहेब, तेवीस सह्या हाईत. आम्ही लोकांचं ऐकलं. तुम्हीच म्हणता ना, लोकांचं ऐका?" मी म्हणाले, खुलासा काढू. चूक आमच्या घरात होती असं छापू. भाऊ म्हणाले, "एकदा खुलासा काढला की पुढच्या पत्रकावर कोण विश्वास ठेवतं? उद्या दोनशे माणसं काढतील, तेव्हा आपला कागद कोण वाचंल?" मी म्हणाले, एक माणूस आपण काढला त्याचं काय? ते उरलेल्या पत्रकांचा गठ्ठा बांधायला लागले. त्या दोनशे माणसांची त्यांना खरी काळजी होती, हे मला आज कळतं. तेव्हा मला ते भेकड वाटले, आणि मी ते त्यांच्या तोंडावर बोलले.

खुलासा मी हातानं लिहिला आणि झेरॉक्स काढून त्याच एकोणीस दारांत दिला. कुणी रागावलं नाही. कुणी वाचलाही नाही. मास्तर म्हणाले, "आता नवीन माणूस बरा आहे की." मुलींच्या खोलीला कुलूप होतं, परीक्षा संपवून त्या गावी गेल्या होत्या. मी कागद दाराच्या फटीतून आत सरकवला. वीज ऑफिसातही गेले, तिथं म्हणाले, आमच्याकडे तो माणूस नव्हताच, ठेकेदाराचा होता. त्यानंतर भाऊंनी मला मसुदे वाचून दाखवणं बंद केलं. विजेची शेगडी अडगळीत गेली आणि खळ बाहेरून यायला लागली. घरातली सगळी बटणं चालू होती आणि आम्ही दोघं एकमेकांशी भाजी आणू का, एवढंच बोलत होतो. बारावी झाल्यावर मी बॅग भरली आणि नांदेडला आईकडे गेले. भाऊ बसस्टँडवर आले होते. बस सुटेपर्यंत ते माझ्या खिडकीखाली उभे होते.

हमीदचाचा लातूर सोडून किनवटला गेले. तिकडं जंगलातल्या एका आश्रमशाळेच्या वसतिगृहात ते वायरमन आहेत. गेल्या वर्षी मी नांदेडहून रेल्वेनं जाऊन त्यांना भेटले. केस पांढरे झालेत. मी दिसताच म्हणाले, "आली का क्रांती? लई वेळ लावला." खोल्याखोल्यांतून त्यांनी मला प्लग दाखवले, प्रत्येक घट्ट. मग बोलता बोलता कळलं की जुन्या कंत्राटी माणसांना अनुभव धरून लाइनवर परत घेतायत, पण चाचांच्या कागदावर शेरा आहे: नागरिकांच्या तक्रारीवरून कमी केले. तो शेरा काढायचा तर ज्यांनी तक्रार केली त्यांनीच लिहून द्यायला हवं, प्रत्येकानं. "सोड गं," ते म्हणाले, "कोण कुठं गेलं असंल." पण अर्ज भरून त्यांनी तो ट्रंकेत ठेवला होता. ट्रंक उघडताना मी बघितला.

त्या दिवसापासून मी पुन्हा दारोदार फिरते आहे. गिरणीवाल्यांनी दिलं. मास्तर वारले, त्यांच्या मुलानं दिलं. एकोणीस जणांनी लिहून दिलं. एकोणिसावे भाऊ. मागच्या दिवाळीत त्यांनी कोरा कागद मागून घेतला, लिहिलं, 'चूक आमच्या घरात होती', खाली सही केली, आणि तो कागद मला मोठ्यानं वाचून दाखवला.

उरल्या चार सह्या, शिरूरकडच्या त्या चौघींच्या. एकीचं नुसतं 'पूजा' वाचता येतं, बाकी तिघींची गिचमीड. आज तुम्ही डॉक्टर असाल, किंवा नसाल. लातूरला क्लाससाठी राहताना, तीन प्लग बंद असलेल्या खोलीत, बिस्किटं खात तुम्ही माझ्या वहीत सही केली असेल, तर एक ओळ लिहा: 'आमच्या खोलीतला दोष आतला होता, लाइनमनचा नव्हता.' खाली पूर्ण नाव लिहा, सही करा आणि या पुस्तकाच्या पहिल्या पानावरच्या प्रकाशकाच्या पत्त्यावर पाठवा. आणि तुम्ही त्यांच्यातल्या नसाल, पण लातूरला शिकलेली त्या वयाची कुणी बाई तुमच्या घरात, शेजारी, दवाखान्यात असेल, तर हे पान तिला वाचायला द्या. आजच द्या. चाचांचा अर्ज भरून तयार आहे.